देवळात मंजूर झालेला आराखडा

गोवा घटकराज्य झालं तेव्हा तुम्ही काय करत होता, असं या अंकाच्या संपादकांनी विचारलं आहे. खरं सांगायचं तर मी पेडण्याच्या बाजूच्या एका गावात देवळाच्या चौकात बसून गणपूर्तीची वाट पाहत होतो. त्याच्या आधी काही वर्षं तेच करत होतो आणि नंतरही पंचवीसेक वर्षं तेच केलं. राजकारणाच्या आतल्या गोष्टी हव्या असतील तर संपादकांनी दुसरा माणूस शोधावा. माझ्याजवळ विषयपत्रिकेवरचा विषय क्रमांक तीन आहे, तो सांगतो.

पेडण्याच्या बाजारात माझं टायपिंगचं दुकान होतं. एक मराठी यंत्र, एक इंग्रजी, आणि मागच्या बाजूला परीक्षेला बसणाऱ्या मुलींसाठी दोन मोडकी. पोट त्यावर चालायचं. त्याशिवाय मी एका मराठी दैनिकाचा तालुका वार्ताहर होतो. तालुक्यात ज्या दिवशी खून, पूर किंवा मंत्री नसे, त्या दिवशी मी पंचायतीची बातमी द्यायचो, म्हणजे जवळजवळ रोजच. लिहिलेली बातमी पाकिटात घालून म्हापशाच्या बसच्या कंडक्टरकडे द्यायची, त्याने ती स्टँडवरच्या चहावाल्याकडे ठेवायची आणि तिथून ती पणजीला जायची. आपल्या गावात काय झालं हे लोकांना तिसऱ्या दिवशी पेपरात वाचायला मिळे, आणि मग ते खरं आहे असं त्यांना वाटे.

ग्रामसभा हा काय प्रकार आहे ते शहरातल्या वाचकांसाठी सांगतो. गावातल्या सगळ्या मतदारांनी वर्षातून ठरलेल्या रविवारी एकत्र यायचं आणि पंचायतीला जाब विचारायचा, अशी कायद्याची कल्पना. सभेला ठरावीक संख्येने माणसं हवीत. ती जमली नाहीत तर अर्धा तास थांबायचं, आणि मग जितके असतील तितक्यांवर सभा चालते. आमच्याकडच्या लोकांनी यातला पहिला भाग सोडून दिला होता. दहाची सभा म्हटली की सगळे दहाला बरोबर यायचे आणि बाहेर पिंपळाच्या पारावर बसायचे. आत सरपंच, सचिव आणि मी. साडेदहा झाले की सचिव मोठ्याने म्हणायचा, “गणपूर्ती झाली नाही, सभा पुन्हा सुरू,” आणि पारावरची शंभर माणसं आत यायची. असं का करता, म्हणून मी एकदा विचारलं होतं. “आदल्या सभेक कोण येता?” म्हणजे पहिल्या सभेला येतंच कोण, असं उत्तर मिळालं.

आमच्या धंद्यात काही शब्द तयार असतात. ‘खडाजंगी’, ‘खेळीमेळीच्या वातावरणात’ आणि ‘एकमुखी’. बातमी चार वाक्यांची, त्यात नवीन शब्दाला जागा कुठे? एकदा मी तापाने पडलो होतो. एका पंचायतीची बातमी मी सचिवाकडून विषयपत्रिका आणवून घरूनच लिहिली आणि सवयीने ‘सभा खेळीमेळीच्या वातावरणात पार पडली’ असं घातलं. प्रत्यक्षात त्या सभेत दोन पंच छत्र्या घेऊन एकमेकांवर धावून गेले होते. बातमी छापून आल्यावर ते दोघे माझ्या दुकानात आले, आणि एकत्र आले. एकाच्या कपाळाला पट्टी होती. “खेळीमेळी खंय दिसली तुका?” असं दोघांनी एकदमच विचारलं. तेव्हा मी हसलो होतो. आपल्याला जडलेली ही सवय पुढे कुणाला तरी भोवेल असं त्या वेळी वाटलं नाही.

आता विषय क्रमांक तीन. गावाचं नाव सांगत नाही, तिथे माझ्या बहिणीचं सासर आहे. म्हापशाहून बसने अर्ध्या तासाचा गाव. हमरस्ता रुंद झाला, नदीवरून गाड्या भराभर येऊ लागल्या आणि शहर या गावाकडे सरकायला लागलं. आधी एक हार्डवेअरचं दुकान आलं, मग सिमेंटच्या पाट्या, मग शर्ट आत खोचलेली माणसं टेप घेऊन काजूच्या झाडांतून फिरताना दिसायला लागली. त्याच सुमारास सरकारचा विकास आराखडा गावात आला. आराखडा म्हणजे नकाशा. त्यात कुठे शेती राहील, कुठे घरं होतील, कुठे रस्ता जाईल ते रंगांनी दाखवलेलं असतं. हिरवा रंग शेतीचा, पिवळा वस्तीचा. जमीन पिवळी झाली की तिचे प्लॉट पाडून विकता येतात. हिरवी राहिली तर कुणी हात लावू शकत नाही, निदान तेव्हा तरी लावत नसत.

पंचायतीला सभागृह नव्हतं, म्हणून ग्रामसभा देवळाच्या चौकात भरायची. नकाशाही तिथेच, नगारखान्याच्या खांबाला दोऱ्यांनी बांधून लटकवलेला. तो पंधरा दिवस तिथे होता. लोक देवदर्शनाला येताना त्याच्या समोरून जात. एक म्हातारी त्यालाही हात जोडून जाताना मी स्वतः पाहिली आहे.

सरपंच होते आबा, माझ्या बहिणीचे सासरे. घरंदाज, मऊ बोलणारे, रागवलेले कुणी पाहिले नव्हते. देवळात गाऱ्हाणं घालायचा मान त्यांचाच. घाटावरच्या वाचकांना सांगायला हवं की आमच्याकडे कुठल्याही कामाआधी देवाला गाऱ्हाणं घालतात. एकाने देवासमोर उभं राहून गावाचं मागणं मांडायचं आणि प्रत्येक मागण्याला जमलेल्यांनी ‘व्हय म्हाराजा!’ म्हणून साथ द्यायची. आम्हाला ते आईच्या कडेवरून येतं. मागणं काय आहे हे ऐकून कुणी ‘व्हय’ म्हणत नाही. आवाज चढून थांबला की तोंडातून ते आपोआप निघतं.

आणि होती सत्यवतीबाय. माझ्याहून दहाबारा वर्षांनी मोठी, विधवा, डोंगराच्या पायथ्याच्या मळ्यात भाजी करणारी. त्या मळ्याच्या वरच्या कोपऱ्यात बारमाही झर होती. भात काढलं की झरीच्या पाण्यावर ती मिरची, अळसांदे, तांबडी भाजी, कणगी लावायची आणि दर शुक्रवारी टोपली घेऊन म्हापशाच्या बाजारात बसायची. मळा भाटकाराचा, म्हणजे जमीनमालकाचा. कूळ म्हणून तिच्या सासऱ्याचं नाव कागदावर कधी लागलंच नव्हतं. जमीन शेतीची होती तोवर भाटकाराला ती विकून फायदा नव्हता, म्हणून तो गप्प होता. नकाशात मळा पिवळा झाला तर सत्यवतीबायला उठावं लागणार, हे साऱ्या गावात फक्त तिलाच कळलं होतं. ते तिला कुणी सांगितलं नव्हतं. नकाशापुढे उभी राहून, देऊळ इथे, ओहोळ इथे, वाट इथे, असं बोटाने मोजत ती आपल्या मळ्यापर्यंत पोचली होती.

त्या रविवारी साडेदहाला शंभर माणसं आत आली, आणि सभा सुरू होण्याआधीच भाषेचं भांडण लागलं. ते दिवसच तसे होते. इतिवृत्त मराठीत लिहायचं की कोंकणीत? दोन तास त्यात गेले. “आमकां मराठीच जाय, दुसरें कायच नाका!” असं एक जण खांबावर हात आपटून सांगत होता. कोंकणीवाल्यांच्या पुढाऱ्याने आपले मुद्दे चिठ्ठीवर लिहून आणले होते, ते मराठीत होते. मी दोन्ही बाजूंचं भराभर टिपून घेत होतो, कारण ‘खडाजंगी’ला यापेक्षा चांगली संधी नव्हती. खांबावरचा नकाशा इंग्रजीत होता. त्यावर कुणी भांडलं नाही.

साडेबारा वाजले, लोकांना भुका लागल्या, तेव्हा सत्यवतीबाय उभी राहिली. बायका मागे, तुळशीजवळ बसायच्या. तिथून तिने विचारलं, “आबा, आमचो मळो पिवळो कित्याक रंगयला?”

आबांनी नकाशाकडे पाहिलं. मला वाटतं, त्यांनी तो तेव्हाच पहिल्यांदा नीट पाहिला. मग ते हसून म्हणाले, “पिवळो म्हणजे हळदीचो रंग गे. शुभ आसता.”

लोक हसले. मीही हसलो. ती बसली नाही. तेवढ्यात कुणीतरी म्हातारा ओरडला, “आबा, गाऱ्हाणें जांवक ना!”

खरंच की. भांडणाच्या नादात सभेआधीचं गाऱ्हाणं राहूनच गेलं होतं. देवळात जमून गाऱ्हाणं घातलं नाही, म्हणजे अरिष्टच. आबा घाईने उठले, देवाकडे तोंड आणि आमच्याकडे पाठ करून उभे राहिले. हातात आराखड्याच्या ठरावाचा कागद तसाच होता.

“बा देवा म्हाराजा! आज तुझी रयत तुझ्या पांयांकडेन एक जाली आसा, तिका सुखी दवर, म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

“गावात कितें वायट-वंगाळ आसत, तें भायर सरूं दी, म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

“हो जो सरकाराचो आराखडो आयला, तो गावाच्या बऱ्याक पडूं दी, आनी ताका सगळ्या रयतेची मान्यताय आसूं दी, म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

चौक दणाणला. पारावरचे कावळे उडाले. त्या आवाजात माझा आवाज होता, आणि मागून, तुळशीजवळून आलेला सत्यवतीबायचाही होता. मी वळून तिच्याकडे पाहिलं तेव्हा तिचे हात जोडलेले आणि डोळे मिटलेले होते. आबांनी हे मुद्दाम केलं का? मी पुष्कळ विचार केला आहे, अजून मला ठाऊक नाही. कागद हातात होता आणि तोंडाला एकच चाल माहीत होती, इतकंच असेल.

सचिवाने लिहिलं, ‘सर्वानुमते मंजूर.’ तो खोटं लिहीत नव्हता. ठरावाचा तो कागद मीच आदल्या दिवशी माझ्या दुकानात टाइप केला होता, कारण पंचायतीचं सगळं टायपिंग माझ्याकडेच असे. आणि तिसऱ्या दिवशी पेपरात माझी बातमी आली, ‘विकास आराखड्याला ग्रामसभेची एकमुखी मान्यता’. खाली माझं नाव.

त्याच आठवड्यात सत्यवतीबाय दुकानात आली. हरकतीचा अर्ज टाइप करून हवा होता. मी तिला खुर्ची दिली, तिने सांगितलं ते नीट मराठीत बसवलं: झर कुठे आहे, मळा किती पिढ्या कसला जातो, पाणी कसं वाटून घेतात. चांगला अर्ज झाला. इतका चांगला अर्ज मी त्या यंत्रावर दुसरा केलेला नाही. तिने अंगठा उमटवला आणि म्हणाली, “भाऊ, तूं येतलो न्हय रे सुनावणीक? तूं सभेत आसलो.” मी येतो म्हणालो.

सुनावणी म्हापशाच्या एका कचेरीत, नेमकी शुक्रवारी. ती सकाळी बाजारात भाजी विकून, रिकामी टोपली घेऊन वर आली. आबाही आले होते, धुतलेली टोपी घालून. टेबलामागचा साहेब तरुण होता, वाईट नव्हता. त्याने ग्रामसभेचा ठराव आणि तिचा अर्ज शेजारी शेजारी ठेवले आणि पाहता पाहता हसायला लागला. माझ्या यंत्राचा ‘र’ ओळीच्या थोडा वर उठायचा. दोन्ही कागदांत तो सारखाच उठला होता.

“एकाच मशीनवर गाव मान्यता देतो आणि हरकतही घेतो?” साहेब म्हणाला. “हे टायपिंग कुणाचं?”

मी हात वर केला. मग त्याने फाइलीतून माझ्या बातमीचं कात्रण काढलं. “आणि हेही तुमचंच?”

“हो.”

“लोकांनी होकार दिला होता?”

इथे मला एक वाक्य बोलायचं होतं. तो होकार गाऱ्हाण्याला होता, ठरावाला नव्हता, आणि ‘एकमुखी’ हा शब्द मी सवयीने घातला. एवढंच. पण शेजारी आबा बसले होते, आणि माझी बहीण सुमन त्यांच्या घरात नांदत होती. मागच्या रविवारीच तिने मला बजावलं होतं, “दादा, आबांचं नाव पेपरात वाईट येता कामा नये हं.” आणि दुसरंही कारण होतं, ते आबांवर ढकलून चालणार नाही. वार्ताहर म्हणून गेलेला मीच सगळ्यांबरोबर ओरडलो होतो, हे कचेरीत कबूल करायची मला लाज वाटली.

“हो म्हणाले,” मी सांगितलं.

साहेब सत्यवतीबायकडे वळला. “तुमी सभेत आशिल्लीं?”

“व्हय, आसलंय.”

“व्हय म्हटलेलें?”

“देवाक म्हटलंय,” ती म्हणाली, “तुमकां न्हय.”

साहेबाने लिहून घेतलं. मला कागद उलटा वाचता येतो, धंद्यातली विद्या आहे. ‘अर्जदाराने सभेत होकार दिल्याचे मान्य केले.’ ती काय म्हणाली त्याला त्या रकान्यात जागा नव्हती. हरकत फेटाळली.

जिना उतरताना तिने टोपलीच्या तळाशी राहिलेली तांबड्या भाजीची जुडी काढून माझ्या हातात दिली. “टायप बरो केल्लो तुवें,” म्हणाली. तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता, म्हणून तर मला ते सोसेना. जुडी मी घेतली. घरी भाजी झाली, मी जेवलोही. त्या दिवसाची मला लाज वाटते, आणि ती काळाने कमी झालेली नाही.

खुलासा छापता आला असता. मी तो तीन वेळा लिहिला, एकदा तर पाकिटात घालून बसस्टँडपर्यंत गेलो. कंडक्टरने हात पुढे केला, आणि मी त्याला म्हणालो, आज काही नाही.

पुढचं कुणीही सांगेल. भाटकाराने मळा विकला, चिऱ्याची भिंत उठली, मातीचे टिप्पर आले. सत्यवतीबाय भावाच्या घराच्या पडवीत राहायला गेली आणि दुसऱ्यांची भाजी घेऊन म्हापशाला बसू लागली. मळ्यावर चार मजली इमारत झाली. ती पिवळीच रंगवली आहे, पण त्यात कुणाचा दोष नाही. तिच्या तळमजल्यात बारा महिने पाणी येतं आणि बारा महिने पंप चालतो. माझ्या कारकिर्दीच्या शेवटच्या एका ग्रामसभेत, आता पंख्यांच्या सभागृहात, तिथल्या रहिवाशांनी अर्ज दिला होता की हे पाणी येतं कुठून याचा तज्ज्ञांकडून शोध घ्यावा. ठराव सर्वानुमते मंजूर झाला. ती बातमी मी दिली नाही.

आता दुकान बंद आहे, यंत्रं भंगारात गेली. आबाही गेले. त्यांच्यामागे गाऱ्हाणं माझा मेहुणा घालतो, वडिलांचीच चाल, तसाच चढणारा आवाज. गेल्या जत्रेला मी बहिणीकडे गेलो होतो. चौक भरलेला होता. सत्यवतीबाय तुळशीजवळच्या बायकांत नव्हती, काठी टेकत पुढे येऊन माझ्या शेजारी उभी राहिली होती. तिने मला ओळखलं, मान हलवली.

मेहुण्याने सुरुवात केली. रयतेला सुखी ठेव, म्हाराजा. सगळे ओरडले. माझंही तोंड उघडलं, आणि शेजारी पाहिलं तर तिचे ओठ घट्ट मिटलेले. तेव्हा मी माझं तोंड मिटलं. पोरांना बुद्धी दे, म्हाराजा. ती गप्प. गावात येईल ते गावाच्या भल्याचं होऊ दे, म्हाराजा. पाचशे माणसांचा ‘व्हय म्हाराजा’ झाला, आवाज विरला, आणि त्यानंतरच्या शांततेत देवाकडे पाहत ती स्पष्ट म्हणाली,

“आदीं कागद दाखय, म्हाराजा!”

काही जण वळून हसले. मेहुणा अडखळला आणि मग पुढे चालू लागला. घरी येऊन मी जुन्या सवयीने डायरीत चार ओळी लिहिल्या. देवळाच्या चौकात गाऱ्हाणं झालं. हजेरी मोठी होती. मान्यता एकमुखी नव्हती. विरोधात दोन.